साडेतीन किलोमीटर

नकाशावर हा ओढा शिवणीच्या दोऱ्याएवढा.
प्रत्यक्षात रंग शिळ्या कटाचा, वास मळीचा,
आणि त्यातच कुठून तरी
पुदिना चुरगळल्यासारखं काहीतरी.

डिग्रजच्या खाली, मोरीच्या तोंडाशी, सकाळी साडेसात.
आम्ही आठ जण. बोटी तीन :
दोन फुगवायच्या, केशरी,
तिसरी गुऱ्हाळाची काहील,
जी बाहुबली मगदूम ट्रॅक्टरवर घालून घेऊन आला
आणि कुणी काही बोलायच्या आत पाण्यात लोटली.

दगडू अंबी काठावर तंबाखू मळत होते.
चार पिढ्या माणसं कृष्णेपार नेली त्यांनी,
ओढ्यात हौसेनं शिरलेलं कुणी पाहिलं नव्हतं.
"म्हशी जात्यात," म्हणाले. "एखादी मगर."
चुन्याची डबी बंद केली.
"आता नसंल बहुतेक."
त्या 'बहुतेक'वर रेहाना पटवेगारनं
जॅकेटची तिसरी पट्टी आवळली.

पहिला तास वल्हवणं नव्हतंच,
केंदाळाशी भांडण होतं.
वल्हं घालावं, तर न्हाणीच्या जाळीतून निघावी
तशी गुंतवळ वर.
काहिलीला पुढं जाणं ठाऊक नाही.
तिला ढवळणं तेवढं कळतं.
बाहुबली ढवळायचा, ती फिरायची,
तोंड आमच्याकडं आलं की तो
मागच्या फेरीतलं अर्धं वाक्य पुरं करायचा :
"...म्हणून मग मेव्हण्यानं..."
(फेरी)
"...म्हैसच विकली."

मग पाणकणसं दोन्हीकडून जवळ आली.
कुणी गप्प बसा म्हटलं नाही, तरी सगळे गप्प.
एक जांभळी पाणकोंबडी लांब बोटं टाकत
केंदाळावरून चालत गेली,
उशीर झालेल्या मास्तरणीसारखी,
आमच्याकडं न बघता.
माझ्या नखांत बारा महिने हळद असते, वखारीतली.
आज तिच्यावर काळी साय चढली.

वर बाभळीला, दीड पुरुष उंचीवर,
साडीचं लक्तर, दप्तराचा बंद, थर्माकोल.
सगळ्यांनी मान वर केली, खाली घेतली.
पाणी तिथं होतं. आम्हीही इथंच होतो तेव्हा.

आणि पुढच्याच वळणाला बोट रुतली.
ढकलायला कुणीतरी उतरायचं होतं.
पोरं एकमेकांकडं बघत होती तोवर
पद्मावती चौगुलेबाई उतरल्या,
वय एकसष्ट, निवृत्त तलाठी, साडी खोचलेली.
गुडघ्यापर्यंत गेल्या.
चिखलानं खोल ढेकर दिली.
"तीस वर्षं," त्या म्हणाल्या,
बोटीच्या दोरीला धरून, धापा टाकत,
"तीस वर्षं ह्याला मी सातबाऱ्यावर
पोटखराबा लिहीत आले."
मग बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.
पोटखराबा त्यांच्या पोटऱ्यांशी बुडबुडत होता,
त्यात काहीतरी बारीक, जिवंत, गुदगुल्या करत असावं,
कारण त्या हसल्या,
कचेरीत कधी हसल्या नसतील अशा.
बोट सुटली. डाव्या पायातली चप्पल सुटली नाही.

दुपारी दीडला एकदम उजेड, वारा, रुंद पाणी : कृष्णा.
बोलायला कुणाकडं काही नव्हतं.
काहील मोकळ्या पाण्यात
कुणी न ढवळता एकदा फिरली, थांबली.
दगडू अंबी लुनावरून आधीच येऊन बसलेले.
"काय बघितलं?"
रेहाना म्हणाली, पाणकोंबड्या, अकरा.
बाहुबली म्हणाला, मी सगळ्याच दिशा.

परतीला टेम्पो. अकरा मिनिटं लागली.
उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो नसतो, तर नऊ.
चौगुलेबाईंच्या मांडीवर उजव्या पायाची चप्पल,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
"एकटी काय करायची? टाका की," मी म्हणाले.
"असू दे," त्या म्हणाल्या. "दुसरी आणून देईल तो.
घर बघितलंय त्यानं,
दोनदा आलाय आतपर्यंत."